भांबुर्डी शोधता शोधता

आमच्या बार्शीकडं थंडीत पाहुणा आला की त्याला शेतावर नेतात, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला हुरडा चारतात आणि शेंगदाण्याच्या चटणीनं जाळतात. पाहुणा बिचारा तोंड काळं करून घेतो आणि घरी जातो. त्यावर कुणी पीएच.डी. करत नाही. मी करते आहे. म्हणजे हुरड्यावर नव्हे, कारण आमच्या मार्गदर्शक सरांच्या मते आपल्या गावावर संशोधन केलं की ते घरगुती होतं आणि परक्या गावावर केलं की शास्त्रीय. म्हणून माझ्या वाट्याला कर्जत-खालापूर आलं. विषय : 'ग्रामीण पर्यटन आणि प्रादेशिक खाद्य-अर्थव्यवस्था : एक चिकित्सक अभ्यास'. चिकित्सक म्हणजे काय, ते सरांनी सांगितलेलं नाही. नवरा म्हणाला, "फुकट जेवायचं आणि वर नावं ठेवायची, त्याला चिकित्सक म्हणतात." तसं असेल तर मी जन्मजात चिकित्सक आहे.

जानेवारीत गेले. थंडी अशी की आमच्याकडच्या माणसानं तिला थंडी म्हणू नये, पण कर्जतचे लोक कानटोप्या घालून फिरत होते. स्टेशनावर वडापाव खाल्ला. चांगला होता. त्याबद्दल आणखी लिहीत नाही, कर्जतच्या वडापावावर ज्यानं त्यानं लिहून ठेवलंय.

दहिवलीच्या पुढं

पहिला मुक्काम एका फार्महाऊसवर होता. दहिवली मागं टाकून रिक्षा आत वळली, आणि दोन्ही बाजूंना नुसत्या कंपाऊंडच्या भिंती. आत भातशेती असावी असं वाटायचं, पण डोकावून पाहिलं तर कापलेलं हिरवंगार गवत आणि निळं पाणी. आमच्या फार्महाऊसच्या दारात चकचकीत पॉलिश केलेली बैलगाडी होती. बैल कुठं आहेत विचारलं, तर रिक्षावाला म्हणाला, "बैल नाय लागत. बसून फोटू काडायचा."

मालक बर्म्युडावर होते, पण डोक्याला फेटा. मोठ्या उत्साहानं त्यांनी 'गावची चव' नावाची थाळी मांडली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वालाच्या बिरड्यात साखर, भाकरी कागदासारखी, आणि सगळ्यात शेवटी मातीच्या इवल्याशा कपात 'आमची खासियत, पोपटी'.

पोपटी हे या भागातलं थंडीतलं प्रकरण. वालाच्या कोवळ्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी असं सगळं मडक्यात भरायचं, भांबुर्डी नावाच्या रानटी झुडपाच्या पाल्यानं तोंड बंद करायचं, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. हे सगळं मी वाचून गेले होते. कपात मटार होते. वरून मेयोनीज.

"हे मडकं कुठं लावलंत?" मी विचारलं.

"इंडक्शनवर. धुराचा गेस्टना त्रास होतो ना मॅडम."

माझ्या चेहऱ्यावरचं काही लपत नाही, ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे. मालक जरा ओशाळले. "करणारी बाई होती हो आमच्याकडं, एक नंबर. या सीझनच्या तोंडावरच गेली सोडून. म्हणते स्वतःचं करते. करेल चार दिवस, येईल परत." आणि हसले. ते हसू मला बिलकूल आवडलं नाही.

"ती होती तेव्हा गेस्टना सांगायचात का, ही यांनी केलेली पोपटी म्हणून?"

"छे! आम्ही आमच्या आजीची रेसिपी सांगतो."

"आजी असतात का इथं?"

"आजी डोंबिवलीला. म्हणजे वारली ती. पण होती डोंबिवलीलाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग उचलली. त्या बाईंचं नाव-गाव मालकांनीच सांगितलं होतं : वैशाली गायकवाड, खालापूरच्या अलीकडं.

खालापूरच्या अलीकडं

टेंपोत बसून, मग एका शेअर रिक्षात चौथी म्हणून लटकत मी पोचले. समोर घाटाची निळी भिंत, मागं एक्स्प्रेसवेची घरघर, आणि मधे उरलेसुरले भाताचे चौकोन. अंगणात एक बाई वालाच्या शेंगा निवडत बसली होती. ठेंगणी, कुंकू नाही, केसांना घट्ट चाप. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या बॅगेकडं पाहिलं आणि म्हणाली, "बचत गटाची असशील तर आमी भरला हप्ता."

मी कोण, कशाला आले, ते सांगितलं. फार्महाऊसवरच्या मटारांचंही सांगितलं. ती इतकी हसली की शेंगांचं सूप कलंडलं. "मेयोनीज? आई गं! आजी मेली म्हणून बरं, नायतर आज मेली असती!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "जेवलीस का गं?"

असं माझं वैशालीताईंकडं राहणं सुरू झालं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली नवऱ्याला कंपनीत मिळालेलं स्वच्छतेचं बक्षीस. नवरा, अनिलदादा, मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत कामाला. घरात शिरला की आधी चपला सरळ रेषेत लावणार आणि मग बोलणार. मला "जय भीम मॅडम" म्हणाला आणि लगेच माझी बॅग दारातल्या वाटेवरून हलवली. म्हणाला, "वाट मोकळी पायजे. सेफ्टी."

दुपारी तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. आम्ही ज्वारीवाले तांदळाच्या भाकरीला जरा हसतो, आजाऱ्याचं खाणं म्हणतो. मी चार खाल्ल्या. मग संशोधक जागा झाला आणि मी सरांनी घोकून घेतलेला प्रश्न विचारला, "ताई, तुमच्या समाजाचा खास पदार्थ कोणता?"

"तुमच्या समाजाचा कोणता?"

"आमची... शेंगदाण्याची चटणी."

"ती समाजाची का सोलापूरची?"

मी सुकटीची चटणी आणखी वाढून घेतली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पोपटी म्हणशील तर ती ज्याच्या शेतात शेंगा, त्याची. आगरी लावतात, कुणबी लावतात, आमी लावतो, मुसलमान लावतात. मडक्याला काय कळतंय, कोण फुंकतंय ते?"

हे ती सहज बोलत नव्हती. घोडं तिथंच पेंड खात होतं.

झालं होतं असं. नीलेश नावाचा एक मुंबईचा पोरगा शनिवार-रविवारच्या सहली आणायचा. फार्महाऊसवर असताना त्यानं वैशालीताईंच्या हातचं खाल्लं होतं. त्याच्याच भरवशावर ताईंनी नोकरी सोडली होती, आणि या शनिवारी तो पहिली सहल त्यांच्या अंगणात आणणार होता. जमलं तर थंडीभर दर शनिवारी. नाही जमलं तर मालकाचं ते हसू. पण पोपटी कुणाची म्हणून सांगायची, यावर दोघांचं अडलं होतं. एवढ्यात त्याचाच फोन आला. ताईंचे हात पिठाचे, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला.

"ताई, गेस्टना मी 'ऑथेंटिक आगरी पोपटी' सांगितलंय हां."

"अरं, पन आमी आगरी नाय. तुला म्हाईत हाय ना?"

"मला काही प्रॉब्लेम नाही हो ताई! माझ्या डोक्यात असलं काही नसतं. पण आगरी म्हटलं की गेस्टना कळतं, झणझणीत वगैरे. बौद्ध जेवण म्हटलं की विचारतात, म्हणजे काय. आणि काही काही जण... तुम्हाला कळतंय ना. कुणी विचारलंच तर आगरी म्हणायचं. एवढंच."

उंटावरून शेळ्या हाकणारी ही जात मला ठाऊक आहे. आमच्या विद्यापीठात तिला समन्वयक म्हणतात. मी तोंड उघडणार एवढ्यात ताईंनी पिठाचा हात वर करून मला गप्प केलं. "बगू," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरात याच्यावर चर्चा झाली. अनिलदादाचं मत सरळ होतं. "सांग आगरी. त्यात काय एवडं? शनिवार-रविवार आगरी, सोमवारपासून आपन आपलं. शिफ्ट ड्यूटी समज."

"तुजं काय जातंय! तुला नाय कुणी इचारत, व्हॉल्व कुनाच्या जातीनं फिरवला." ताई मला म्हणाल्या, "आगरी बोलायला मला जमतंय गं. माज्या अर्ध्या मैतरणी आगरी हायत, त्यांच्यावानी भांडून पन दाखवीन. पन तितं आजीचं नाव लागायचं, हितं आगऱ्यांचं लागनार. मंग नोकरी सोडली कशाला मी? मडकी बदलायला?"

मला संताप आला होता आणि तो मी बोलूनही दाखवला. नीलेशला मी चार शिव्या दिल्या, त्यातल्या दोन खास बार्शीच्या. ताई म्हणाल्या, "तुज्याकडं नाय का इचारत आडनाव?" आमच्याकडं नाही विचारत असं छातीठोक सांगायला गेले असते तर जीभ झडली असती. आमच्याकडं हुरड्याच्या आगटीशी बसायच्या आधीच सगळ्यांची सगळी आडनावं सगळ्यांना पाठ असतात.

"मग काय सांगणार तुम्ही शनिवारी?" मी विचारलं.

"तेच कळत नाय ना!" ताई वैतागून म्हणाल्या आणि उठून भांडी घासायला गेल्या. त्या रात्री भांड्यांनी फार सोसलं.

कुंभिवली

शनिवारी सकाळी मी अंगणात आले आणि चाट पडले. दगडांना गेरू, झाडांच्या बुंध्यांना चुना, वाटेच्या दोन्ही कडांना रांगोळीसारखी फक्की. मागचं परसू, बांध, ओढ्याचा काठ, सगळं तासून गुळगुळीत केलेलं. आदल्या दिवशी आम्ही दोघी बाजाराला जाऊन अंधारात परतलो, तेवढ्यात अनिलदादानं खास रजा टाकून, दिवसभर खपून हे केलं होतं. काढलेलं सगळं रान एका कोपऱ्यात जाळूनही टाकलं होतं. तो कमरेवर हात ठेवून उभा होता. "हाउसकीपिंग, मॅडम! मुंबईची मानसं येनार. रान बगून घान वाटायला नको."

वैशालीताई पाला तोडायला कोयता घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"अरं, भांबुर्डी कुठाय?"

दादा बांधाकडं बघायला लागला. मग राखेकडं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा. भांबुर्डी ही काही कुणी लावत नाही. थंडीत ती भातखाचरांत, बांधावर, वाटेल तिथं उगवते, पायाखाली चुरडली की ओव्यासारखा उग्र वास मारते, आणि पोपटी लावायची नसेल तेव्हा तिला सगळे घाणच म्हणतात. मडक्याच्या तोंडात ती नसेल तर पोपटी म्हणजे नुसत्या उकडलेल्या शेंगा. पाहुणे दुपारी येणार होते.

ताई काय काय बोलल्या ते इथं लिहिता येणार नाही, लिहिलं तर हा प्रबंध कुणी मंजूर करणार नाही. दादा निमूट सगळं ऐकून घेऊन एकच म्हणाला, "बाजूच्या शेतात असंल ना."

बाजूला शेत कुठं होतं! बाजूला प्लॉट होते. पहिल्या प्लॉटवर लॉन. दुसऱ्यावर तणनाशक मारून पिवळं केलेलं मैदान. तिसऱ्याच्या तारेपलीकडं मला हिरवं काही दिसलं म्हणून मी कुंपण ओलांडायला गेले, तर ओढणी तारेत, एक पाय कोरड्या चरात, आणि राखणदार शिटी वाजवत धावत आलेला. "ओ बाई! प्रायव्हेट हाय!" मी चरातूनच सांगितलं की मी विद्यापीठातून आले आहे. तो म्हणाला, "मंग हितं काय पडलात?" प्रश्न रास्त होता. हिरवं जे दिसलं होतं ती प्लास्टिकची हिरवळ निघाली.

शेवटी कोंबडी आणायला कुंभिवलीला जायचंच होतं, म्हणून आम्ही दोघी दादाच्या मोटारसायकलवर, तिघं एकावर एक, हायवेच्या कडेनं निघालो. सत्तारभाईंचं चिकनचं दुकान तिथंच आहे, गॅरेज आणि टायरवाल्याच्या मधे. ताईंचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी सुरी खाली ठेवली. "काय झालं ताई?"

ताईंनी सांगितलं. सत्तारभाई दादाकडं वळले आणि असे बघायला लागले की दादानं हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं. "अरं अनिल, पोपटीच्या सीझनात भांबुर्डी जाळलीस? लोक हसतील रे!" मग हात पुसत म्हणाले, "चला मागं."

दुकानामागं, ट्रकांच्या जुन्या टायरांच्या ढिगाभोवती, कमरेएवढी भांबुर्डी माजली होती. ताजी, लवदार, वास नाकात झणकन जाणारा. "माज्या बकऱ्या पन तोंड लावत नाय. न्या किती पायजे ती. गेल्या आठवड्यात आमी पोपटी लावली, पोरींनी मला फक्त बटाटे ठेवले." बायका अशा वेळी डोळे पुसतात म्हणे. ताईंनी ओचा खोचला आणि कोयता चालवायला सुरुवात केली. मी पाला पोत्यात कोंबत होते. माझ्या हातांना तो वास पुढं दोन दिवस होता आणि मी मुद्दाम साबण कमी लावत होते.

एकच पान

पाहुणे उन्हं कलल्यावर आले, सगळे आठ-दहा जण. त्यांच्यातल्या मोत्यांच्या कुड्या घातलेल्या एक बाई आल्या आल्या "किती नीटनेटकं ठेवलंय!" म्हणाल्या. अनिलदादानं ताईंकडं असा काही कटाक्ष टाकला की मला दुसरीकडं बघावं लागलं.

मडकं भरून झालं होतं. तळाला पाला, मग ओवा आणि जाडं मीठ चोळलेल्या शेंगा, मधे केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. ताईंनी ते शेतात उपडं घातलं, भोवती पेंढा आणि शेण्या रचल्या आणि पेटवलं. धूर बरोबर पाहुण्यांच्या तोंडावर गेला. सगळे खोकले आणि सगळे खूश झाले. नीलेश फोनवर शूटिंग करत 'ऑथेंटिक, ऑथेंटिक' म्हणत फिरत होता. अर्ध्या तासानं ताईंनी मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले, ते चर्रकन उडाले म्हणजे शिजलं, तसा दादानं जाळ बाजूला ओढला.

तिथं एक छोटी चकमक झाली. नीलेशनं गाडीतून कागदी वाडगे आणले होते, प्रत्येकाला वेगळं वाढायला. ताई म्हणाल्या, "पोपटी वाडग्यात नाय वाडत." त्यांनी केळीची पानं एकाला एक लावून जमिनीवर लांब पसरली आणि त्यावर मडकं ओतलं. वाफेबरोबर तो वास उठला. सांगते, आमच्या हुरड्याची शपथ, तसा वास मी कधी घेतला नव्हता. सगळे त्या ढिगाभोवती मांडी घालून बसले आणि एकाच राशीत हात घातले. इथली रीतच तशी. लावणाराही बसतो. ताई बसल्या, दादा बसला, मी तर आधीच बसले होते.

सालांचा ढीग वाढत गेला. मग मोत्यांच्या कुड्यांनी अंडं सोलता सोलता विचारलं, "काकू, आडनाव काय तुमचं?"

"गायकवाड."

"गायकवाड... म्हणजे कोण हो तुम्ही?"

"आगरी, आगरी!" नीलेश पलीकडून ओरडला. "प्रॉपर आगरी!"

ताईंच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती. त्यांनी दादाकडं पाहिलं. मला वाटलं, आता दादा शिफ्ट ड्यूटीची आठवण करून देणार. पण दादा हातातल्या बटाट्याकडं बघत हळूच म्हणाला, "सांग तुला काय सांगायचं ते."

ताईंनी शेंग तोंडात टाकली, चावून गिळली. "नाय हो बाई. आमी बौद्ध. नीलेशला म्हाईत हाय, इसरला असंल."

"अच्छा, अच्छा," बाई म्हणाल्या. "तसं आमचं काही नसतं हो." आणि हात ढिगातून मागं घेऊन रुमालानं पुसला. रुमाल बराच वेळ चालला. सोललेलं अंडं त्यांच्या समोर पानावर तसंच होतं. त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची एक मैत्रीणही जरा मागं सरकली. बाईंच्या नवऱ्याला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तो कोंबडीची तंगडी तोंडात धरून, "अजून शेंगा आहेत का हो?" असं विचारत होता. बाकीचे खात होते. काही खरंच खात होते, काही खाली बघून.

नीलेश उकिडवा बसून ताईंच्या कानाशी आला. "ताई, कशाला? आता पुढच्या शनिवारचं अवघड आहे हां."

"असू दे," ताई म्हणाल्या. आवाज जरा कापला. 

"घ्या ना बाई," ताईंनी समोर बघत म्हटलं. "अंडं गार व्हतंय."

"नको हो, पोट भरलं माझं. खरंच."

वैशालीताईंनी हात लांब केला, बाईंच्या समोरचं ते सोललेलं अंडं उचललं, मिठात बुडवलं आणि सगळ्यांच्या देखत सावकाश खाल्लं.

"टाकायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "माज्या हातचं हाय."